अंतोनची पन्नासाव्या दिवसाची प्रार्थना

अंतोन वारल्याचं शाळेत कळलं तेव्हा मला आधी दुःख झालं नाही. आता आईला काय सांगायचं, हेच मनात आलं. कारण तिच्या लेखी तो पाच वर्षांपूर्वीच बदली होऊन काशीतून गेला होता... तसं मीच तिला सांगितलं होतं.

मी शिकवतो त्याच शाळेत अंतोन चित्रकला शिकवायचा. मूळचा वसईचा, कॅथलिक. लहानपणीच इकडे आल्यामुळे मराठी पार हिंदाळलेली. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात तो रोज दुपारी रामघाटावरच्या आमच्या घरी आईकडे येऊ लागला. बरोबर खाकी कागदाचं वेष्टण घातलेलं पुस्तक. जिन्यावर माझी पावलं वाजली की दोघं गप्प. मंदिर-मशिदीच्या वादाच्या त्या दिवसांत गल्लीत जो तो दुसऱ्याच्या दारावर नजर ठेवून असे, आणि आमचं तर पूजापाठावर चाललेलं घर. एकदा मी मुद्दाम जिन्यातच थांबलो. आतून आईचा आवाज आला, "पवित्र आत्म्या, ये..." पाठोपाठ त्याचा.

दुसऱ्या दिवशी त्याला दारातच अडवलं. "आईला बाटवायला येतोस?"

उंबऱ्याबाहेर उभ्या-उभ्या तो सांगू लागला. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. मुळात ज्यू लोकांचा, पीक हाती आल्याचा सण. त्या दिवशी येशूचे शिष्य एका घरात जमले होते. येशू गेल्यापासून भीतीने दार लावून बसणारी माणसं. वाऱ्यासारखा, जाळासारखा पवित्र आत्मा त्यांच्यावर उतरला. ते बाहेर येऊन बोलू लागले आणि देशोदेशीच्या लोकांना ते आपापल्या भाषेत ऐकू आलं. "म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये ज्याने त्याने आपल्या भाषेत प्रार्थना म्हणायची. मल्याळमवाले आहेत, बंगाली आहेत, मराठीवाला मी अकेला. काकू फक्त माझी मराठी ठीक करून देतात, भाऊ."

"मग मी आलो की गप्प का होता?"

"तू हसशील म्हणून."

माझा विश्वास बसला नाही. मी दार लावलं. पुढे पाच वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसून त्याच्याशी कामापलीकडे बोललो नाही.

गेल्या आठवड्यात आईला सगळं सांगून टाकलं, तो वारल्याचं आणि बदलीचं खोटंही. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"कसली बदली? दर उन्हाळ्यात मंगळागौरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून त्याचा पाठ घेत होते मी. यंदा तर एकदाही अडला नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तोच नको म्हणायचा. 'काकू, त्याला राहू द्या, घाबरलाय तो,' म्हणायचा."

आई अजूनही दुपारी त्या पायऱ्यांवर जाऊन बसते. मी तिची पिशवी घेऊन खाली उभा राहतो... वर ये, असं ती म्हणत नाही.