वैशालीच्या क्लिपमधला तिसरा आवाज

“मॅडम, तुम्हालाबी ऐकू येतंय का?” वैशालीनं फोनवर विचारलं.

“येतंय,” मी म्हटलं.

ती रडायला लागली. मी ‘नाही’ म्हणावं अशीच तिची इच्छा असणार.

अन्वय, ईशा, पोरांनो, तुमच्या तिकडं परदेशात घर घ्यायचं म्हणजे माणूस आधी मॉर्टगेज ब्रोकरकडं जातो. आपल्याकडं त्याला गृहकर्ज सल्लागार म्हणतात, बोलण्यात नुसतं ‘लोनवाला’. तो स्वतः कर्ज देत नाही. कुणाला कुठलं कर्ज झेपेल ते बघतो, कागद जमवतो, अर्ज पुढं नेतो. बँकेच्या लोन डिपार्टमेंटमधून रिटायर झाल्यावर मी धाराशिवच्या घरात बसून याच कामाच्या एका ऑनलाइन कोर्सची असेसर झाले. असेसरनं शिकवायचं कमी आणि तपासायचं जास्त.

वैशाली बेंबळीची. बी.कॉम. झालेली, नवरा लातूरला कामाला. घरातली कामं उरकून गच्चीवर जिथं रेंज येते तिथं बसून तिनं सगळा कोर्स मोबाइलवर केला. धाराशिवच्या एका फायनान्स कंपनीच्या शाखेनं तिला सांगितलं होतं, सर्टिफिकेट आणा, जागा तुमची. सगळ्या परीक्षा झाल्या होत्या. फक्त प्रॅक्टिकल राहिलं होतं.

प्रॅक्टिकल असं असतं. खऱ्या ग्राहकाच्या घरी बसून त्याची मुलाखत घ्यायची आणि ती मोबाइलवर रेकॉर्ड करायची. ठरलेले सगळे प्रश्न विचारायचे. दोघांखेरीज तिसऱ्याचा आवाज आला तर क्लिप बाद, कारण मागून कुणी तरी उत्तरं सांगत असतं. वैशालीनं ग्राहक म्हणून आपल्या थोरल्या दिरालाच बसवलं. महादेव शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर आहे आणि घरावर एक मजला चढवण्यासाठी त्याला खरोखरच कर्ज हवं होतं.

प्रश्नांत एक प्रश्न असा आहे की तो विचारताना सगळ्यांचीच जीभ अडखळते. कर्ज चालू असताना तुमचा मृत्यू झाला तर हप्ते कोण भरणार? तो विम्यासाठी असतो. वैशालीनं जरा मऊ करून विचारला होता, “भाऊजी, हप्ते चालू असताना तुमचं काही बरंवाईट झालं तर?”

आणि क्लिपमध्ये एक आवाज म्हणाला, “तथास्तु.”

पुरुषाचा आवाज, वयस्क, शांत. आतल्या खोलीत कुणी तरी हातातलं काम न थांबवता ‘हो’ म्हणावं तसा.

तुम्हाला हे सांगायला हवं. आपल्याकडं समजूत आहे की घराला, म्हणजे वास्तूला, ऐकू येतं. घरात जे बोलाल त्याला ती ‘तथास्तु’ म्हणते, म्हणजे ‘तसंच होवो’. म्हणून घरात कुणी अभद्र बोलत नाही, दिवेलागणीला तर मुळीच नाही. ईशा, लहान असताना तू “अभ्यास करून करून मी मरणार” म्हणाली होतीस आणि मी तुझ्या तोंडावर हलकेच हात ठेवला होता, तो याचसाठी.

मी रीतसर चौकशी केली. टीव्ही चालू होता का? “लाइटच न्हवती मॅडम.” शेजारी? “समोरचे समदे सोनारीला दर्शनाला गेलते. कुलूप हाय.” जाऊबाई? “माहेरी.” घरात सासूबाई एकट्या, स्वयंपाकघरात. म्हातारा पुरुष? “मामंजींना जाऊन लई वर्षं झाली.”

सासूबाईंना ती आत्याबाई म्हणते. ती हळूच म्हणाली, “आत्याबाईंनी ऐकलं. त्या म्हणल्या, ह्यांचा आवाज न्हाय हा. ह्यांचा म्या वळखते.”

संस्थेचं सॉफ्टवेअर क्लिपमधलं बोलणं आपोआप लिहून काढतं आणि प्रत्येक आवाजाला नाव देतं. वक्ता एक म्हणजे वैशाली. वक्ता दोन म्हणजे महादेव. त्या एका शब्दापुढं त्यानं लिहिलं होतं, वक्ता तीन. यंत्र भीत नाही, आणि त्याला कुणी गोष्टी सांगितलेल्या नसतात. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

नियमाप्रमाणे मी क्लिप बाद केली आणि पुन्हा रेकॉर्ड करायला सांगितलं. तेव्हा वैशालीनं पुढचं सांगितलं. क्लिप महादेवानंही ऐकली होती. त्यानं शाळेत रजा टाकली होती आणि तो भिंतीकडं तोंड करून पडून होता. सासूबाईंनी कोर्स बंद म्हणून सांगितलं होतं. शाखेतून दोनदा फोन येऊन गेला होता, की सर्टिफिकेट देताय की दुसरं माणूस बघू?

मी बेंबळीला गेले. असेसरनं विद्यार्थ्याच्या घरी जाऊ नये असा नियम नाही. बहुधा कुणाच्या डोक्यातच आलं नसावं.

घर साधं, स्वच्छ. आत पाऊल टाकल्यापासून मी नेहमीपेक्षा हळू बोलत होते. सगळेच हळू बोलत होते. बोलण्याआधी प्रत्येक जण क्षणभर थांबायचा, वाक्य तपासून बघितल्यासारखा. पाणी देताना वैशालीच्या हातून तांब्या निसटला, तर “अगं मे...” म्हणून सासूबाई मध्येच गप्प झाल्या.

“च्या घ्या बाई,” त्या म्हणाल्या. “पर त्या परीक्षेचं नाव काढू नगा.”

“परीक्षेसाठीच आले आहे.”

“हिनं तिन्हीसांजंला माझ्या लेकाचं मरण इचारलं. घरानं व्हय म्हटलं. आता अजून काय ऐकायचं ऱ्हायलंय?”

महादेव उठून बसला. दाढी वाढलेली. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या हायत. वास्तू खोटं बोलती का?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. “क्लिप एकदा इथं बसून ऐकू द्या.”

मी इअरफोन लावले. मोबाइलची एक खोड असते. जवळचा आवाज तो उचलतो आणि लांबचा आवाज गडबड समजून दाबून टाकतो. वैशाली मोबाइलजवळ होती आणि महादेव दाराशी बसला होता. एरवी तो मोठ्यानं बोलला होता, पण त्या प्रश्नाला तो लाजल्यासारखा पुटपुटला होता. मोबाइलच्या स्पीकरवर प्रश्नानंतर थोडी खरखर होती आणि मग तो शब्द. सॉफ्टवेअरनंही ती खरखर सोडून दिली होती. इअरफोनमध्ये मात्र त्या खरखरीत शब्द होते. मी मागं नेऊन पुन्हा पुन्हा ऐकलं आणि शब्द सुटे झाले.

“मला काय होतंय? शेवटचा हप्ता भरल्याबिगर जात न्हाय म्या.”

आणि त्यानंतर, “तथास्तु.”

मी इअरफोन महादेवाच्या हातात दिले. त्यानं ऐकलं, डोळे मिटून परत ऐकलं.

“व्हय की,” तो म्हणाला. “म्हटलो होतो आसं. भ्यालो आन् इसरूनच गेलो बगा.”

सासूबाईंनी एक इअरफोन कानाला धरला, उलटा. वैशालीनं सुलटा करून दिला. ऐकून झाल्यावर म्हातारीनं हात जोडले, माझ्याकडं नव्हे, भिंतीकडं.

“म्हंजी इचारलेल्याला न्हाय, सांगितलेल्याला व्हय म्हटलं,” त्या म्हणाल्या. मग सुनेकडं वळल्या. “तरी तुला अक्कल पायजे हुती. दिवसाउजेडी इचारायचं.”

“मग आता विचारू द्याल का?” मी म्हटलं.

“इचारू दे. पर उंबऱ्याच्या आत न्हाय.”

मुलाखत ग्राहकाच्या घरीच हवी, अंगणात चालेल की नाही, असा प्रश्न आला. मी महादेवाला आठ-अचा उतारा आणायला सांगितलं. गावात घर कुणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीच्या या कागदावरून कळतं. त्यात अंगणासकट मोजमाप होतं. म्हणजे कागदोपत्री अंगण हेही घरच. मी परवानगी दिली.

भर दुपारी अंगणात मुलाखत झाली. वैशालीनं प्रश्न बदलला. “भाऊजी, तुम्हाला उदंड आयुष्य आहे. तरी कधी दुसऱ्या कुणाला हप्ते भरावे लागले, तर कोण भरील?”

“विमा काढीन,” महादेव म्हणाला. आणि मोठ्यानं, तोंड घराच्या दाराकडं करून, “माझं पयलं म्हणनं हाय तसंच हाय.”

मग आम्ही चौघंही गप्प राहिलो. ठरवलं नव्हतं. दार उघडं होतं, आत अंधारं होतं आणि आम्ही सगळे तिकडं बघत होतो. काही आलं नाही. वैशालीनं पुढचा प्रश्न घेतला.

रात्रीच्या आत तिनं क्लिप पाठवली. मी ती ऐकली, मग सॉफ्टवेअरनं लिहिलेलं वाचलं. वक्ता एक, वक्ता दोन, सगळं बरोबर. आम्ही गप्प बसलो होतो त्या जागी लिहिलं होतं, वक्ता तीन. पुढं काहीच नव्हतं. आवाज वाढवून ऐकलं. शांतताच होती.

नियमात ‘तिसऱ्याचा आवाज’ असं म्हटलं आहे. आवाज नव्हता. मी पास लिहिलं.

वैशाली शाखेत रुजू झाली. तिची पहिली फाइल महादेवाची. कर्जाची मुदत जितकी लांब तितकं व्याज जास्त, म्हणून शहाणा ग्राहक मुदत कमी मागतो. महादेवानं नियमात बसेल तेवढी मोठी मागितली, म्हणजे निवृत्तीपर्यंतची. पुढं त्याच्याकडं थकलेल्या पगाराची रक्कम आली, तेव्हा वैशालीनं सांगून बघितलं, की थोडं कर्ज आधीच फेडा. तो म्हणाला, “तू मला घालवायला बसलीस का गं?”

आम्ही कोर्समध्ये शिकवतो, ग्राहकाला कर्ज कशासाठी हवं ते आधी विचारा. ते कधी फिटलेलं चालेल, हे विचारायला शिकवत नाही. शिकवायला हवं.

परवा वैशालीचा फोन आला होता. “मॅडम, भाऊजी इचारतात, शेवटचा एक हप्ता थकवला तर काय हुतंय?”

मी नोकरीभर लोकांच्या मागं लागून हप्ते वसूल केले आहेत. “घर तारणातून सुटत नाही,” मी म्हटलं. “आणि दंड लागतो.”

“मग काय सांगू?”

“एका हप्त्याचा दंड किरकोळ असतो म्हणून सांग.”