आईला ऐकू कमी येतं

आमच्या मुलुंडच्या रस्त्यावरून नाहूरपर्यंत ट्राम न्यायचा विचार चाललाय, हे कळलं तेव्हा सोसायटीत सगळे खूश होते. फ्लॅटचे भाव वाढणार म्हणून जो तो मनातल्या मनात हिशेब करत होता. मग नकाशा आला. त्यात ट्रामचा थांबा नेमका आमच्या गेटासमोर दाखवला होता. ज्यांना आत पार्किंग मिळालेलं नाही त्यांच्या गाड्या तिथे उभ्या असतात. माझीही असते. झालं, आनंदाची वाट लागली. ट्राम हवी, पण थांबा शेजारच्या सोसायटीच्या दारात हवा, असं आम्ही एकमतानं ठरवलं. एवढं एकमत आमच्याकडे गणपतीच्या वर्गणीवरही होत नाही.

गाड्यांसाठी हरकत घेतली तर आपल्याला कोण विचारणार? तेव्हा अध्यक्षांनी शक्कल काढली, ज्येष्ठ नागरिकांना पुढे करायचं. गर्दी होईल, आवाज होईल, म्हाताऱ्या माणसांना गेटाबाहेर पडणं मुश्किल होईल. हे सगळं सभेत मांडायला मला उभं करायचं ठरलं, कारण मी बोलतो बरा. ती स्तुती मला आवडली होती.

घरात मी आणि आई, आम्ही दोघंच. आई मूळची कोकणातली, लहानपण गिरणीकामगारांच्या चाळीत गेलेलं. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, नाहूरला राहते. मुलुंडहून नाहूर म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण आईच्या गुडघ्यांना स्टेशनचा पूल चढवत नाही, बसची पायरी उंच पडते आणि जवळचं भाडं म्हटलं की रिक्षावाले मान हलवून निघून जातात. मावशी घरात पडल्यापासून बाहेर पडत नाही. त्यामुळे दोघी बहिणी फोनवरच भेटतात. मी दर आठवड्याला म्हणतो, "रविवारी नेतो गं." आणि रविवारी गाडी काढली तर गेटासमोरची जागा दुसरा कोणी पटकावेल, म्हणून काढत नाही. गाडी आहे, आई आहे, मावशी आहे, आणि मी जागा राखत बसलोय. लिहितानाही लाज वाटते.

नकाशा आला त्या दिवशी आईनं मला विचारलं होतं, "ट्रामीक जिनो नसता ना रे?"

"नसतो. रस्त्यावरूनच चढायचं," मी मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणालो होतो.

लोकांच्या सूचना आणि हरकती ऐकायला महापालिकेच्या एका शाळेत सभा ठेवली होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि झकास बोललो. "आमच्या सोसायटीतल्या एकूण एक ज्येष्ठ नागरिकांचा या थांब्याला विरोध आहे," असं म्हणताना माझा आवाजसुद्धा जरासा भरून आला. टाळ्या पडल्या. मी माइक हातातच धरून अजून काही सुचतंय का ते बघत होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर झाला.

आई होती. शेजारणींबरोबर कधी येऊन बसली, मला पत्ताच नव्हता. खुर्चीच्या पाठीला धरून ती उभी राहिली आणि सभेला आलेल्या महापालिकेच्या साहेबांना म्हणाली, "ओ साहेब, थांबा आमच्या गेटासमोरच ठेवा हां. माझी बहीण नाहूरला असते. मग मला कुणाची गरज नाही. मी एकटी जातलंय."

लोक हसले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "आत्ता तर तुम्ही म्हणालात सगळ्यांचा विरोध आहे. या कुठल्या?"

अध्यक्ष डोळे वटारून माझ्याकडे बघत होते. मी माइक तोंडाशी नेला. "माझी आई आहे. तिला ऐकू कमी येतं, सर. कशाबद्दल चाललंय ते तिला कळलं नाही."

माझ्या आईला सातव्या मजल्यावर कोळणीची हाक ऐकू येते. मी हळूच फ्रिज उघडला तर ती आतल्या खोलीतून "काय शोधतोस?" म्हणून विचारते.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग तिनं हाताचा पंजा कानामागे धरला आणि मोठ्यानं विचारलं, "काय म्हणालास?"

सगळ्यांची खात्री पटली. साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आई खाली बसली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला कळलं, पण परत माइक मागायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. तिनं फक्त चहा ठेवला. पण तेव्हापासून ती घराबाहेर बहिरी झाली आहे. लिफ्टमध्ये लोक तिच्याशी ओरडून बोलतात आणि ती म्हणते, "हां? जरा मोठ्यान् बोल गं." घरात आली की तिला सगळं ऐकू येतं. माझा शब्द खोटा पडू नये म्हणून ती हे करते, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

सुधारलेल्या नकाशात थांबा पार सिग्नलच्या पलीकडे गेला. अध्यक्षांनी ग्रुपवर माझं कौतुक केलं, अंगठ्यांचा पाऊस पडला. परवा ते घरी आले. रविवारी सोसायटीत कान तपासायचं मोफत शिबिर ठेवलंय, आईचं नाव सगळ्यात वर टाकलंय, असं सांगून गेले. आई समोरच बसली होती. तिनं त्यांच्याकडे बघून नुसतं हसून दाखवलं.

दार लागल्यावर ती म्हणाली, "कान तपासूक मशीन लावला तर त्यांका कळतला रे."

मी अध्यक्षांचा चहाचा कप उचलला.

"तू असा कर. त्या दिवशी मी नाहूराक गेलंय म्हणान सांग." मग माझ्याकडे न बघता, "नेशील ना?"

मी हो म्हणालो, पण आवाज फुटला नाही.

आईनं हाताचा पंजा कानामागे धरला. घरात आमच्याशिवाय कोणी नव्हतं.