रस्ता उठून जात नाही

वाट बघणं आमच्या रिक्षाकाकूंना गाणं यावं तसं येत होतं. थंडीच्या सकाळी नानाखेड्याच्या कॉलनीत आम्हाला शाळेत नेणारी त्यांची ई-रिक्षा इतकी हलकेच यायची, की आधी धुकं हलायचं, मग हिरवा रंग दिसायचा. माझ्या झोपेत ती अजून तशीच येते.

रिक्षेत एक रिवाज होता. सगळी मुलं बसली की एकानं "चला" म्हणायचं, मगच गाडी हलायची. रोज नवं मूल. माझ्या पाळीला मी "च"वर अडकायचे. मोंटू लगेच सुरू व्हायचा, "च-च-चाय! च-च-चप्पल!" सगळी रिक्षा हसायची. शाळेतही तेच. आईला मी रोज सांगायचे, शाळा नको.

एकदा मी काकूंना कशीबशी म्हणाले, "माझी पाळी दुसऱ्याला द्या."

"का बरं? तुझा शब्द आहे. आराम से बोल. रस्ता काय उठून जातोय?"

मी पुन्हा "च"वर अडकले. हसणं संपेना, गाडी हलेना. "काकू, लेट हो रहे हैं!" मोंटू ओरडला.

"मग हस की अजून. तुझं झालं की ही बोलेल."

त्या दिवशी शाळेचं फाटक बंद झालं होतं. दोन घरांनी आपली मुलं या रिक्षेतून काढून घेतली. काकू म्हणाल्या, "जागा झाली. ऐसपैस बसा."

दुपारी परतताना त्यांनी मोंटूला शेजारी बसवलं. "का रे छळतोस तिला?"

फ्रीगंजचा बाजार मागे पडला. मग तो हळूच म्हणाला, "पिछले स्कूल में सब मुझे मोटू बोलते थे. मी सगळ्यांना हिच्यावर नाही हसवलं तर फिर मुझ पर हसेंगे."

"तुझी भीती खरी, बेटा. पण ती हिच्या डोक्यावर ठेवायची नाही."

माझ्या पुढच्या पाळीला मोंटू बाहेर बघत राहिला. कुणी हसलं नाही. त्या शांततेची मला जास्तच धडकी भरली. पण शब्द आला. उशिरा आला, अख्खा आला.

नववीनंतर घरच्या अडचणीत शाळा सुटलीच. गाव सोडताना बसस्टँडवर मला सोडायला काकूच आल्या. मी खिडकीत, त्या खाली. मला काहीतरी म्हणायचं होतं. त्या बघत राहिल्या, जणू ही एवढी मोठी बससुद्धा माझ्याच शब्दावर थांबली होती. बस सुटली, माझं म्हणणं राहून गेलं.

आता हैदराबादेत एका दवाखान्यात मी पेशंटची नावं पुकारते. रोज पहिलं नाव कागदावर बघते. नाव ओठांत अडकतं. समोरचे लोक, खिडकीतलं ऊन, सगळं धुक्यासारखं होतं, आणि कुठून तरी ती रिक्षा येऊन उभी राहते. हलत नाही.

मग नाव येतं, आणि एक माणूस उठून उभा राहतो.