डावा डोळा

बाईंकडे जपानी शिकायला पोरं घरी यायची. नवरा घड्याळजी, माणूस मुलखाचा अबोल. वर्ग चालू असताना तो पडद्यामागे घड्याळं उघडून बसलेला असायचा. जपानीचा एक शब्द त्याने कधी तोंडातून काढला नव्हता.

एका संध्याकाळी पोरं गेल्यावर बाई भांडी विसळत होत्या. दारात उभा राहून तो अडखळत म्हणाला, "हिदारी नो मे ओ मिएनाइ."

बाईंना हसूच फुटलं. "अगंबाई, चोरून शिकलात की काय! पण तिथे 'ओ' नाही हो, 'गा' येतो. हिदारी नो मे गा मिएनाइ. म्हणा बघू."

त्याने गुणी मुलासारखं म्हटलं.

"शाब्बास!" म्हणत बाईंनी ताट मांडणीत ठेवलं, आणि मग कुठे त्या वाक्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला. डाव्या डोळ्याने दिसत नाही.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. आपल्या भाषेत सांगायला गेलो की अर्ध्यावरच अडायचो. जपानीत निदान वाक्य पुरं झालं."

"आणि मी मेली व्याकरण सुधारत बसले!" बाई मटकन खालीच बसल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, डावा गेलाच, उजवा औषधाने टिकेल. आता तो उजव्या डोळ्याला भिंग लावून काम करतो. बाई मात्र अजून पोरांचं व्याकरण सुधारताना मध्येच दचकतात, आणि रस्ता ओलांडताना त्याच्या डाव्या अंगाला येतात.