पुलाऊ उबिनचा फलक आणि बाबांची सायकल

आई-बाबा पुण्याहून परदेशात, आमच्याकडे पासिर रिसला आले आणि पहिल्या आठवड्यातच बाबांनी वाचण्यासारख्या सगळ्या पाट्या संपवल्या, लिफ्टमधल्या सूचनांसकट. त्यामुळे पुलाऊ उबिन बेटावर, सर्वांत आधी वस्ती करणाऱ्या एका जोडप्याच्या स्मरणार्थ रस्त्याकडेला फलक आहे असं मी बोलून गेले आणि शनिवारचा बेत परस्पर ठरला.

जाणं सोपं आहे. बसने चांगी व्हिलेज, तिथल्या धक्क्यावरून लाकडी मोटारबोट. वेळापत्रक नाही, बारा माणसं जमली की सुटते. सुटे पैसे आणि भरपूर पाणी ठेवा. उरलेली माणसं येईपर्यंत आईने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडलाच.

उबिनला उतरताच भाड्याच्या सायकलींची दुकानं लागतात. फलक बराच आत आहे, म्हणून सायकल घ्याच.

"चालत जाऊ," बाबा म्हणाले. "पचनाला बरं."

"या उन्हात?"

दुकानदाराने त्यांच्यापुढे एक सायकल उभी केली. "व्हेरी इझी. अंकल कॅन, लाह!" तो इथल्या लकबीत म्हणाला.

बाबांनी घंटी वाजवली. ब्रेक तपासले. टायर दाबला. पुन्हा घंटी वाजवली.

"अहो, सांगून टाका आता," आई म्हणाली. त्यांनी तिसऱ्यांदा घंटी वाजवली. मग ती माझ्याकडे वळली. "त्यांना येत नाही."

पुण्यात जन्म काढलेला माणूस! लहानपणी माझ्या सायकलचं कॅरिअर धरून "हँडल सरळ!" असं ओरडत मागे धावणारे बाबा मला आठवत होते. स्वतः सायकलवर बसलेले मात्र आठवेनात.

"मग मला शिकवलंत कसं?"

"तत्त्वं माहीत होती."

मला हसू फुटलं, पण बाबांचा चेहरा पार उतरला होता. "तुम्ही दोघी जाऊन या. मी इथेच बसतो."

आई दुकानात शिरली आणि दोघांनी मिळून चालवायची लांबलचक सायकल घेऊन आली. कॉलेजनंतर तिने सायकलला हात लावला नव्हता. ओढणी कमरेला बांधत म्हणाली, "मागे बसा."

"लोक काय म्हणतील?"

"इथे कोण ओळखतंय आपल्याला?"

मी माझ्या सायकलवरून मागोमाग निघाले. सुरुवातीला त्यांची सायकल रस्त्यापेक्षा झुडपांतच जास्त गेली. वळणावर पिल्लांसकट रानडुक्कर आडवं आलं. "डावीकडे! ब्रेक! हँडल सरळ!" बाबा मागून ओरडले.

"अहो, तोंड नको, पाय चालवा!"

डुक्करच घाबरून झाडीत पळालं.

फलक बाबांनी मराठी करत मोठ्याने वाचला. नवऱ्याने जंगल तोडून नारळ लावले, त्याचं नाव वर ठळक अक्षरांत. बायको सुईण होती, तिचं नाव शेवटच्या ओळीत.

"अर्धं बेट हिच्या हातून जन्माला आलं, आणि नाव पार तळाला?" आई कडाडली.

एरवी पाटीची बाजू घेणाऱ्या बाबांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "चूकच आहे."

परत येऊन शहाळं प्यायलो. घरी पोचलो तोवर आईचे गुडघे बोलायला लागले होते. ती बाम चोळत असताना बाबांनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी काढलेला त्या दोघांचा सायकलवरचा फोटो टाकला. खाली लिहिलं: "सायकल चालवतेय सुलभा. मागे बसलेला मी. मला सायकल येत नाही."

पहिलं उत्तर धाकट्या काकांचं आलं: "दादा, हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे."

बाबांनी ते मोठ्याने वाचलं आणि मग ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या फलकावरची नावं मी आताच विसरलेय, पण ते हसणं अजून कानात आहे.