मी धुतलेला करवानी

आमच्याकडं करवानी कुत्रा होता. लांब पायांचा, बारीक कमरेचा. पळायला लागला की पाय जमिनीला लागतात का नाही असं वाटायचं. सासऱ्यांनी हे वाण वडिलांपासून सांभाळलेलं. पण आमच्या मुरुम गावाच्या आसपास आता तसली अस्सल मादी राहिली नव्हती आणि कुत्रा अकरा वर्षांचा झालेला. तो गेला की वाण संपलं, ह्याच घोरात सासरे असायचे. गाय गाभण ठेवायला वळूच्या बीजाच्या कांड्या भरतात, तशाच कांड्या कुत्र्याचं बीज गोठवूनही करता येतात, मादी मिळेल तेव्हा वापरता येतात, असं त्यांना कळलं. म्हणून त्यांनी जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

मी चौथी शिकलेली. चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे मला घाम फुटतो. पण पाहुणी येणार म्हणून मी सकाळी आपणहून कुत्र्याला साबण लावून आंघोळ घातली. पोळ्याला बैल धुतो तसा पोटाखालून घासून धुतला. बाईमाणूस हात लावणार, वास यायला नको, एवढंच मनात.

बाई माझ्यापेक्षा लहानच निघाल्या. गल्लीतली माजावर आलेली एक साधी कुत्री समोर बांधली होती. तिला बघून आमचा कुत्रा ताठ झाला. बाईंनी हातमोजे घातले आणि धार काढावी तितक्या सहज बीज काचेच्या नळीत घेतलं. लाजल्या नाहीत, घाईही केली नाही. बाप्ये भिंतीकडं बघत होते. मी दाराआडून बाईंकडं बघत होते.

ओसरीवर त्यांनी बारीक बघायचं यंत्र मांडलं, डोळा लावला, दुसरा थेंब घेऊन पुन्हा बघितलं.

"सगळं मेलेलं आहे. एकही हलत नाही."

"म्हातारं झालंय ते," माझे मालक म्हणाले. "आता काय राह्यलंय त्याच्यात?"

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ऱ्हाऊ द्या, बाई. तुमाला उगं हेलपाटा."

बाई सामान आवरता आवरता म्हणाल्या, "ह्याला काही लागलं होतं का? पाणी, औषध?"

"छ्या, औषध कशाला?" मालक म्हणाले.

पाणी म्हटल्यावर मला सकाळची आंघोळ आठवली. मी गप्प बसले असते तर कुत्रा कायमचा बाद झाला असता. दाराआडूनच म्हटलं, "म्या धुतलाय त्याला. सकाळी. साबणानं."

"का? लगीन होतं व्हय त्याचं?" मालक म्हणाले, आणि सगळे हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कुत्र्याच्या पोटाखाली कापूस फिरवला. तो ओला झाला. "ताई, बीजाला पाण्याचा थेंबही चालत नाही. साबण तर नाहीच नाही. बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी चांगल्या कुत्र्याला निकामी ठरवून गेले असते."

चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या. ह्या वेळी म्हणाल्या, "ताई, तुम्ही धरा. तुमचं ऐकतो तो." मी पदर पुढं ओढून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. काम झाल्यावर यंत्राशी त्यांनी आधी मला बोलावलं. कवडशात धूळ नाचते तसं दिसलं, पण एकेकाला शेपूट होतं आणि सगळे धावत होते.

मग दुपारभर बाई बसून होत्या. अंड्याचा बलक घातलेलं पातळ औषध मिसळलं, सावकाश थंड केलं, काडीएवढ्या नळ्यांत भरलं; ह्याच त्या कांड्या. पेटीतल्या बर्फाहून गार पांढऱ्या वाफेवर नळ्या धरल्या आणि शेवटी सोबत आणलेल्या तसल्याच गार टाकीत सोडल्या. जेवायला उठा म्हटलं तर मान हलवायच्या. एक नळी पुन्हा कोमट करून त्यांनी बघितली. निम्म्याहून जास्त परत पळत होते. इतक्या गारठ्यात निजवायचं आणि पुन्हा उठवायचं, आणि चेहऱ्यावर जराही मोठेपणा नाही. असं काम करणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

कुत्रा पुढच्या उन्हाळ्यात गेला. नंतर सासऱ्यांनी लांबच्या गावाहून एक अस्सल मादी आणली. बाईंनी तिचं रक्त तपासून भरवायचा दिवस धरला आणि आमच्या कुत्र्याची जपलेली कांडी भरली. तिला चार पिल्लं झाली. सासऱ्यांनी एकेकाचा पाय ओढून लांबी बघितली आणि तांबडं पिल्लू छातीशी धरून बसले.

फोन मी लावला. स्वतःहून, पहिल्यांदाच.

"चार झाली, मॅडम."

"ताई," बाई म्हणाल्या, "आंघोळ नाही ना घातली?"

"न्हाय," म्हटलं, "अजून पाण्याची बादलीसुदिक तिकडं नेली न्हाय."