गिबीबाइटचं भांडण

इंदिरानगरातल्या आमच्या छोट्याशा कंपनीत तो सॉफ्टवेअर लिहायचा आणि मी त्याची माहितीपुस्तिका. कांद्याच्या लिलावाचे फोटो साठवायचं सॉफ्टवेअर. पुस्तिका हातावेगळी झाली की तो पुण्याच्या नोकरीला हो म्हणणार होता. म्हणून मी ती होऊच देत नव्हते!

भांडायला विषयही झकास मिळाला होता. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. म्हणून खोक्यावर हजार जीबी आणि पडद्यावर नऊशे एकतीस. त्याचा हट्ट असा, की कॉम्प्युटरच्या मापाला ‘गिबीबाइट’ म्हणायचं. मी म्हणायचे, “शी! हे काय नाव आहे? जीबीच लिहिणार मी.” तो लालबुंद व्हायचा, फळ्यावर गणित मांडायचा, आणि मला इतका आवडायचा की काय सांगू!

शेवटी कच्ची पुस्तिका घेऊन आम्ही लासलगावला एका व्यापाऱ्याकडे गेलो. शेठनी नवी डिस्क लावली, पडद्यावरचा आकडा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “कडता कापला आसंल. चालायचंच.” कडता म्हणजे माती-घाणीच्या नावाखाली मालाच्या वजनातून करतात ती कपात. मग शेठनी त्याच्याकडे वळून हळूच विचारलं, “कंपनी कापती, का तुम्ही?” त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हसून हसून मी खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिले.

पण परतीच्या एसटीत माझं डोकं फिरलं. चांदवडला माझ्या वडिलांच्या कांद्यातून जन्मभर कडता कापला गेला. आणि माझ्या पुस्तिकेवर तसला संशय? छे!

“गिबीबाइटच लिहू,” मी म्हटलं. “दोन मापं, दोन नावं. आणि खाली ठळक ओळ, यातून कुणीही काहीही कापलेलं नाही.”

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. भांडण मिटलं म्हणजे पुस्तिका संपली, आणि पुस्तिका संपली म्हणजे हा चालला पुण्याला. 

तो म्हणाला, “गिबीबाइट कुणी म्हणणार नाही गं. जीबीच ठेवू.”

“अरे, या शब्दासाठी इतके दिवस डोकं खाल्लंस माझं!”

“अजून खायचंय,” तो म्हणाला. “पुण्याला नाही म्हणून कळवलंय मी. परवाच.”

मी “काय?” म्हणून इतक्या जोरात ओरडले, की कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी थांबली.